पहार टक्क वाजेपर्यंत

सोमवार, १५ डिसेंबर २०२५ : छत्रपती संभाजीनगर

मामांच्या गच्चीवर आज मी अडीच तास नुसती उन्हात बसून होते. मामींना वाटलं, पोरीला प्रवास बाधला. दोनदा वर येऊन कपाळाला हात लावून गेल्या. उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला, जिथे मी राहते, नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. दुपारी बाराच्या सुमाराला आभाळ जरा निळसर होतं, की झाला दिवस. त्यामुळे चटका बसेपर्यंत बसायचं, असं मी विमानातच ठरवलं होतं. मधले दोन विमानतळ आणि मुंबईतला आठ तासांचा खोळंबा यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मी तिकडे पोस्टडॉक करते. हा शब्द घरात अजून कुणाच्या पचनी पडलेला नाही. पीएचडी झाली म्हणजे शिक्षण संपलं, मग आता हे काय? जेवताना मामांनी विचारलंच, "कायमची नोकरी आहे का नाही?" नाही. तीन वर्षांचा करार, त्यातलं दीड वर्ष संपलं. "आणि करतेस काय?" ध्रुवाकडच्या प्रदेशात पाणी आणि कर्ब (कार्बन) कुठून कुठे जातात, किती जातात, याचं गणित संगणकावर मांडते. मामा थोडा वेळ वरणभात कालवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या पाटबंधारे खात्यासारखंच. फक्त थंडीत."

मामा त्याच खात्यातून निवृत्त झालेत. माझ्या कामाची इतकी सुटसुटीत व्याख्या माझ्या मार्गदर्शकांनाही जमलेली नाही.

संध्याकाळी पाणचक्की बघितली. शाळेच्या सहलीत बघितली होती, तेव्हा लक्ष सगळं माशांकडे होतं. या वेळी नळाकडे बघत बसले. सहा-सात किलोमीटरवरच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी इथवर आणायचं, भिंतीवर चढवायचं आणि वरून पाडून जातं फिरवायचं. पंप नाही, काही नाही, नुसता उतार.

रात्री झोपण्याआधी लॅपटॉप उघडला. निघायच्या आदल्या दिवशी तिकडच्या महासंगणकावर माझ्या मॉडेलचा, म्हणजे त्या गणिताचा, एक रन लावून आले होते. रन पूर्ण झाला होता आणि उत्तर पुन्हा तेच, चुकीचं. माझ्या मॉडेलमधली स्वालबार्डची (उत्तर ध्रुवाजवळची नॉर्वेची बेटं) जमीन जुलै महिन्यात कोरडी ठणठणीत पडते. प्रत्यक्षात त्या जमिनीवर माझे बूट घोट्यापर्यंत रुतले होते.

मंगळवार, १६ डिसेंबर : पैठण

मामांना जायकवाडी दाखवायची होती. म्हणजे मला बघायची होती की नाही, हा प्रश्न नव्हता. धरणाच्या रस्त्याला लागल्यापासून त्यांनी आकडे सुरू केले. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन, जवळपास दहा किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे, एकूण साठा १०२ टीएमसीच्या वर. लोक नातवंडांचे वाढदिवस सांगतात तसे मामा हे सांगतात.

नाथसागर काठोकाठ होता. सप्टेंबरात दरवाजे उघडावे लागले, आणि खाली गोदाकाठच्या गावांची झोप उडाली. आता पाणी शांत, वारा गार, लांबवर पक्ष्यांचे ठिपके. मामा म्हणाले, "तुझ्या तिकडं एवढं पाणी आहे का?"

मला खरं सांगायचा मोह आवरला नाही. सायबेरियातली लेना नदी वर्षाला साधारण ५५० घन किलोमीटर पाणी आर्क्टिक महासागरात ओतते. जायकवाडी तेवढ्यात सुमारे १९० वेळा भरेल. आणि हे पाणी वर्षभर सारखं येत नाही. हिवाळ्यात नदी वरून गोठलेली असते. मे-जूनमध्ये बर्फ फुटला, की तोंडाजवळ सेकंदाला लाख घनमीटरच्या वर लोंढा सुटतो. त्या लोंढ्याखाली जायकवाडी धरलं, तर आठ तासांत भरून सांडेल.

मामांनी मनातल्या मनात गुणाकार करून बघितला, मला दिसलं. मग म्हणाले, "मग ते लोक कॅनॉल का काढत नाहीत?"

काढणार होते! सोव्हिएत काळात उत्तरेकडे वाहणाऱ्या सायबेरियन नद्या वळवून मध्य आशियाच्या कापसाला पाणी द्यायचा बेत बरीच वर्षं चालला होता. १९८६ मध्ये तो गुंडाळला. मामांना याचं फार बरं वाटलं. जगात कुठेही गेलं तरी पाण्याची भांडणं वरच्या आणि खालच्यांचीच असतात, असं म्हणून त्यांनी नाशिक-नगरचा विषय काढला. तो चहा संपेपर्यंत चालला.

नद्या वळवल्या असत्या तर समुद्राचं काय झालं असतं, हे मी चहानंतर सांगितलं. आर्क्टिक महासागरात जगातल्या एकूण समुद्राच्या पाण्यापैकी एक टक्काच पाणी आहे, पण जगातल्या नद्यांच्या पाण्याचा दहावा हिस्सा एकट्या त्याच्यात येऊन पडतो. गोडं पाणी हलकं, म्हणून ते वर तरंगतं. समुद्र केव्हा गोठणार, किती गोठणार, हे त्या वरच्या गोड्या थरावर बरंचसं अवलंबून असतं. शिवाय ते पाणी नुसतं पाणी नसतं. दलदलीतून आणि गवताच्या कुजक्या थरांतून निथळून आल्यामुळे त्याचा रंग कोऱ्या चहासारखा असतो. तो रंग म्हणजे विरघळलेला कर्ब. माझ्या पगाराचा निम्मा भाग त्या रंगासाठी मिळतो, म्हटलं तरी चालेल.

परतताना नाथांच्या समाधीचं दर्शन घेतलं. काशीहून रामेश्वरासाठी नेत असलेली कावड नाथांनी वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही गोष्ट मामींनी गाडीत पुन्हा सांगितली. मामा म्हणाले, "नियोजनात नसलेलं आवर्तन." मामी दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

बुधवार, १७ डिसेंबर : बीडवरून लातूर

मामेभाऊ कामानिमित्त लातूरला निघाला होता, त्याच्या गाडीत बसले. गेवराईच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. दोन-दोन ट्रॉल्या, वर मळकट ताडपत्री, मागे रिफ्लेक्टर म्हणून लाल कापड. रस्त्याला लागून काही शेतं अशी दिसली, की भाऊनं गाडी हळू केली. सप्टेंबरच्या पुरानं माती खरडून नेलेली, खाली पिवळट मुरूम उघडा. मधोमध एक विद्युत पंपाची पेटी कलंडलेली. शेत दिसत होतं, बांध दिसत होता, माती तेवढी नव्हती. भाऊ म्हणाला, "सोयाबीन पुन्हा पेरता येतं. माती कुठून पेरायची?"

बीडच्या अलीकडे चहा, पलीकडे खजाना विहीर. शहराच्या दक्षिणेला, सोलापूर रस्त्यानं पाच-सहा किलोमीटर. ती बघायची म्हणूनच मी एसटीनं न जाता भाऊच्या गाडीत बसले होते. निजामशाहीत, सोळाव्या शतकात सलाबत खानानं बांधवलेली आणि राजा भास्कर नावाच्या स्थापत्यकारानं आखलेली ही विहीर. लांबून बघितलं तर काही विशेष नाही. गोल, चिरेबंदी, आत उतरायला जागा, पाणी फार खोल नाही. विशेष आहे ते न दिसणारं. हिला खालून तीन भुयारं आहेत. दोन दक्षिणेकडून पाणी आत आणतात, तिसरं उत्तरेकडे पाणी बाहेर नेऊन बलगुजारच्या रानाला देतं. दुष्काळातही पातळी फारशी ढळत नाही, म्हणून तिचं कौतुक.

मी काठावर बराच वेळ उभी राहिले. भाऊ कंटाळून गाडीत जाऊन बसला. विहीर म्हटलं की आपण खाली खणायचं एवढंच धरून चालतो. हिच्या कर्त्यानं पाणी खाली शोधलंच नाही. डोंगरउतारावरून जमिनीतल्या जमिनीत जे पाणी नदीकडे सरकत असतं, त्याला त्यानं मध्येच गाठलं आणि हवं तिकडे वळवून दिलं. ही विहीर म्हणजे आडव्या वाटेवरचं एक स्टेशन. तेव्हा एवढंच मनात आलं आणि पुढे आंबाजोगाईला गरम भजी मिळाली म्हणून विसरूनही गेले.

लातूरला पोचताना रेल्वे स्टेशनची पाटी दिसली, की मला अजून २०१६ आठवतं. मी तेव्हा इथे बीएस्सीला, चार मुलींत एक खोली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी आली, दहा टाक्यांतून पाच लाख लिटर. टीव्हीवाले स्टेशनवर आणि आम्ही गल्लीत घागरी घेऊन. रेल्वेनं पाणी आलं याची बातमी जगभर झाली. ते पाणी आमच्या गल्लीत कोणत्या दिवशी येणार, हे मात्र कुणालाच सांगता येईना. पाण्यात काम करायचं, हे मी त्या उन्हाळ्यात ठरवलं, असं मुलाखतीत सांगते. खरं तर मला गणित बरं येत होतं आणि शिष्यवृत्ती बर्फाची मिळाली.

गुरुवार, १८ डिसेंबर : गाव, औसा तालुका

चहा ओठाला लागतो न लागतो, तोच अप्पांनी विषय काढला. बोअर.

"अप्पा, औंदा विहीर तर तुडुंब आहे."

"म्हनूनच आत्ता. कोरड पडल्यावर गाडीवाले फुटाला वाटेल तो भाव लावतेत." हा हिशेब बिनतोड होता. तात्यांनी पुढचा डाव टाकला, "तू पाण्याची डॉक्टर. सांग बरं, कुठं मारावं?"

आमच्या रानात आधीचे दोन कोरडे बोअर आहेत. एकावर दगड ठेवलाय, दुसऱ्यात तात्यांच्या मते अजून 'आशा' आहे. कायद्यानं साठ मीटरच्या म्हणजे दोनशे फुटांच्या खाली जायचं नाही, पण आमच्या शिवारात दोनशेला कुणी थांबलेलं मी ऐकलं नाही. सहाशे, आठशे. खाली दख्खनचा काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर. त्याच्या पोटात पाणी असतं ते भेगांत. त्या भेगा लागल्या तर लागल्या. जे काही भरवशाचं पाणी आहे ते वरच्या कुजक्या खडकात, मुरमात. तेही किती? शंभर लिटर मुरमातून निथळून दोनेक लिटर. मीटरभर जाडीच्या मुरमात सगळा मिळून वीस मिलिमीटर पाऊस मावतो. तिकडे सायबेरियात काही ठिकाणी गोठलेल्या जमिनीचा अर्ध्याहून जास्त भाग नुसता बर्फ असतो. जमीन म्हणायची ती सवयीनं.

हे सगळं सांगितलं. तात्या म्हणाले, "ते खरं. पन कुठं मारावं?"

दुपारी पाणाड्या आला, मोटरसायकलवर, पिशवीत नारळ. त्यानं नारळ हातात घ्यायच्या आधी सगळं रान एकदा फिरून घेतलं. नाल्याकाठच्या उंबराजवळ थांबला. वारुळापाशी थांबला. धुऱ्यावर हिरवळ कुठपर्यंत टिकलीय ते बघितलं. माझ्या मते त्याचं निम्मं काम तिथेच झालं होतं. मग तळहातावर नारळ आडवा धरून चालायला लागला आणि बांधाच्या जरा वर नारळ उभा राहिला. मी अगदी जवळून बघत होते आणि तो कसा उभा राहिला ते मला कळलं नाही. दगड मांडला, पाचशे एक घेतले. जाताना मला विचारलं, "ताई, तुमची मशीन काय म्हनते?"

माझी मशीन काहीच म्हणत नव्हती. ज्या मोठ्या मॉडेलला माझं काम शेवटी जोडायचं आहे, त्याच्या एका चौकटीत अख्खा औसा तालुका बसून वर निलंग्याचा तुकडा उरतो. मी स्वतः चालवते तो एका ठिकाणाचा उभा खांब. वर हवा, मग बर्फ, मग माती, खाली गोठलेली जमीन. पाणी वरून खाली. शेजारच्या खांबाशी बोलायची सोय नाही.

मला राग आला होता, कुणाचा ते माहीत नाही. मी पडवीतली पहार उचलली आणि रानात गेले.

हे काम मला येतं. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी स्वालबार्डला लाँगइयरब्येनजवळच्या दरीत आठवडाभर हेच केलं होतं. तिथे एक बारीक पोलादी सळई घेऊन आखलेल्या जागांवर जमिनीत खुपसायची. उन्हाळ्यात वरची मीटरभर जमीन वितळलेली असते, सळई लोण्यात जावी तशी जाते आणि गोठलेल्या थराला लागली की टक् होतं. खोली लिहायची, पुढच्या जागेवर जायचं. एक जण बंदूक घेऊन अस्वलावर नजर ठेवून उभा. इथे माझ्याबरोबर तात्या होते, बिडी घेऊन, आणि मोत्या कुत्रा.

माळाच्या बाजूला, सगळ्यात उंच, पहार हातभर गेली. टक्क. खाली मुरूम. तात्या म्हणाले, "हितं गवतबी येत नाही." वीस पावलं खाली दोन हात. टक्क, पण आवाज जरा बसका. तिसऱ्या जागी ज्वारीच्या दोन तासांमध्ये आम्ही टिकावानं खड्डाच घेतला. वरची वीतभर माती भुसभुशीत, कोळपलेली. खाली ढेकळं घट्ट, आणि फोडली की एकमेकांवर घासून तुळतुळीत झालेल्या त्यांच्या बाजू आरशासारख्या चमकत होत्या. काळी माती पाणी पिऊन फुगते, सुकून आकसते. वर्षानुवर्षं हे रगडणं चालू असतं, त्याची ती पॉलिश. मध्ये चुनखडीचे पांढरे खडे, हरभऱ्याएवढे. ज्वारीची मुळं त्यांना वळसा घालून खाली गेलेली. तीन हातांवर माती संपली आणि मुरूम लागला, पिवळा-तांबूस, नखानं खरवडला तर सुटणारा. आणि जिथे काळी संपून मुरूम सुरू होतो, नेमक्या त्या रेषेवर ओल होती. बोट लावलं, बोट ओलं झालं. वर नाही, खाली नाही, रेषेवर.

अप्पा येऊन काठावर बसले होते. म्हणाले, "पानी खाली जात नसतंय. मुरमापोतर जातंय, पुढं खडक वाट देत न्हाई, मंग आडवं नाल्याकडं सरकतंय. इहिरीला झरा त्याच अंगानं हाय की."

ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. मी यावर परीक्षा दिलेली आहे. पण माहीत असणं आणि आपल्याच मॉडेलमध्ये ती नसल्याचं ध्यानात येणं, यांच्यामध्ये माझे चार महिने गेले होते. लाँगइयरब्येनला वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो, बीडच्या तिसरा हिस्सासुद्धा धड नाही. कागदावर ते वाळवंट. तरी बूट रुततात, कारण खाली गोठलेला तळ आहे आणि पाण्याला खाली वाट नाही. माझ्या खांबात मी गोठलेल्या मातीला अडसर म्हणून जो आकडा दिला होता, तो फार मवाळ होता. वसंतात बर्फ वितळलं की त्या फटीतून पाणी गुपचूप खाली निघून जायचं. सगळ्यात खाली तर 'मुक्त निचरा' असं आयतं सेटिंग होतं, ते मी बदललंच नव्हतं. दुसऱ्या कुठल्या हवामानासाठी कुणी तरी ठेवलेलं. म्हणजे मी स्वालबार्डच्या खाली भोक ठेवलं होतं.

आम्ही नाल्यापर्यंत अजून दोन खड्डे घेतले. शेवटचा नाल्यापासून दहा पावलांवर. तिथे पहार अख्खी गेली आणि टक्क झालंच नाही.

शुक्रवार, १९ डिसेंबर : येळवस

आज वेळ अमावस्या, आमच्याकडची येळवस. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही आणि बाकीच्यांना सांगून समजत नाही. सगळं गाव रानात. घरांना कुलपं, रस्त्यावर कुत्रं नाही. नाव कन्नडातून आलंय हे नक्की. येळ्ळु म्हणजे तीळ की येळु म्हणजे सात, यावर आमच्या घरात दर वर्षी वाद होतो आणि भज्जी वाढली की मिटतो.

कडब्याच्या पेंढ्यांची कोप, तिच्यात चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव. त्यांच्यासमोर आंबिलाचं गाडगं. अप्पांनी "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत रानाला फेरी घातली. शेजारच्या गावात हेच शब्द जरा वेगळे म्हणतात आणि ते चुकीचे आहेत, असं आमच्या गावाचं मत आहे. मग जेवण. भज्जी (कांदा-बटाट्याची नव्हे, हरभरा, तूर, वाल, चिंच, पालेभाज्या आणि बेसन ताकात शिजवून केलेली), बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर, आणि आंबील. लसूण लावलेलं थंडगार आंबील मी चार वाट्या प्याले. तिकडे दीड वर्षं मी त्याची स्वप्नं बघत होते.

चुलतबहीण परभणीच्या कृषी विद्यापीठात मृदाशास्त्रात एमएस्सी करते. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हे तिला कुणी ऐकवलं तर ती चिडते, म्हणून सगळे ऐकवतात. तिच्या मनात प्रश्न साठले होते. पहिलाच असा होता, "ताई, तुमच्या त्या गोठलेल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब किती?"

उत्तरेकडच्या पर्माफ्रॉस्टच्या, म्हणजे कायम गोठलेल्या जमिनीच्या, मातीत अंदाजे १,४६० ते १,६०० अब्ज टन. आत्ता हवेत जेवढा कर्ब आहे त्याच्या दुपटीच्या आसपास. ती गप्प झाली. आपली माती काळी दिसते म्हणून कर्बाची वाटते, पण मृदा आरोग्य पत्रिकेवर आकडा येतो तो टक्क्याच्या आत. इथे उष्णतेत जिवाणू सगळं भराभर खाऊन टाकतात. रानात पडलेलं धसकट दुसऱ्या पावसाळ्यात ओळखू येत नाही. तिकडे मॅमथच्या काळातल्या गवताची मुळं अजून मुळांसारखी दिसतात. थंडीनं राखलेली शिदोरी आहे ती. आर्क्टिक मात्र १९७९ पासून बाकी पृथ्वीच्या जवळजवळ चौपट वेगानं तापतंय, आणि शिदोरीचं झाकण उघडायला लागलंय.

"मग सगळा कार्बन डायऑक्साइड होणार?"

इथे मला एक शब्द आठवला, ज्याला माझ्या कामाच्या भाषेत जोड नाही. वाफसा. ती हसली, तिला लगेच कळलं. जमीन वाफशाला असेल, म्हणजे ओलही आहे आणि हवाही खेळतेय, तर जिवाणू कार्बन डायऑक्साइड सोडतात. पाणी साचून हवा कोंडली, की दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात आणि मिथेन निघतो. तो उष्णता कितीतरी जास्त धरतो. म्हणून माझ्या खांबाखालचं भोक नुसत्या पाण्याचं नव्हतं. जमीन खोटी सुकली, म्हणजे तिला खोटा वाफसा आला, आणि मिथेनच्या जागी मी महिनोन् महिने कार्बन डायऑक्साइड मोजत बसले.

"पण हिवाळ्यात तर सगळं बंदच असेल?"

सगळ्यांना असंच वाटायचं. शरदात जमीन वरून आणि खालून गोठायला लागते, पण मधला ओला थर आठवडेच्या आठवडे शून्य अंशावर अडून बसतो. पाण्याचं बर्फ होताना उष्णता बाहेर पडते, तीच त्याला गोठू देत नाही. तेवढ्या वेळात जिवाणूंचं चालूच. अलास्काच्या टुंड्रात मोजलं तेव्हा वर्षभरातला निम्मा किंवा त्याहून जास्त मिथेन सप्टेंबर ते मे या थंडीच्या महिन्यांत सुटलेला निघाला. जिथे ओल जास्त, तिथे हे अडून बसणंही लांबतं.

तात्या मध्येच म्हणाले, "तिकडं भेगा पडतेत का रानाला?" पडतात! कडाक्याच्या थंडीनं जमीन आकसते, तडकते. फटीत वितळलेलं पाणी शिरतं, गोठतं, दुसऱ्या वर्षी तिथेच पुन्हा तडकते. शेकडो वर्षांनी बर्फाची पाचर तयार होते आणि वरून बघितलं तर दहा-दहा, तीस-तीस मीटरच्या चौकोन-पंचकोनांनी सगळं मैदान आखल्यासारखं दिसतं. मी फोनवर फोटो दाखवला. तात्यांनी तो फोन लांब धरून, जवळ धरून बघितला. "हे तर ज्वारी काढल्यावरचं आपलंच रान. कुनी कोळपलं न्हाई का?" एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, हे आमच्याकडे पोरासोरांना पाठ असतं. भेगा बुजवल्या की ओल टिकते. सायबेरियाला कोळपं लावायचं कुणाच्या डोक्यात आलेलं नाही.

दिवस मावळल्यावर हेंडगा पेटवला. गवताची जळती पेंढी घेऊन पोरं गव्हाच्या कडेनं पळत सुटली. धूर सरळ वर जात होता, वारा नव्हता. बहिणीनं मला कोपरानं ढोसलं, "कर्ब चालला बघ." त्याची काळजी नाही, त्या गवतानं तो याच पावसाळ्यात याच हवेतून घेतला होता.

शनिवार, २० डिसेंबर : लातूर स्टेशन

सकाळी अडसराचा आकडा कडक केला, खालचं भोक बुजवलं आणि रन पाठवला. रांगेत १४० वा नंबर. दिवसभर आई बांधाबांध करत होती. उंडे, शेंगाचटणी, तिळाच्या पोळ्या. मुंबईची गाडी रात्रीची.

बोअरचा निर्णय झाला नाही. पाणाड्याचा दगड जागेवर आहे. माझे तीन खड्डे आहेत, त्यांतल्या एकात मोत्या झोपतो. सोडायला आलेल्या भावाला तात्यांनी वाटेत सांगितलं म्हणे, की पोरगी शिकली खरी, पण एक जागा काही दाखवता आली नाही.

गाडी फलाटाला लागली आणि फोन वाजला. अप्पा होते, मागे बॅटरीचा उजेड हलत असावा, कारण ते कुणाला तरी "हिकडं धर, हिकडं" म्हणत होते.

"शेवटच्या खड्ड्यात पानी आलंय. हातभर. त्याच्या वरच्यात नुसती वल हाय. गाडीवाला उद्याच येतो म्हनतोय. काय सांगू त्याला?"

"अप्पा, पाणी कोणत्या अंगानं येतंय? बघा बरं, नाल्याकडून का वरून?"

थोडा वेळ नुसता रातकिड्यांचा आवाज. खड्ड्यात कुणी तरी उतरलं असावं.

"वरून," अप्पा म्हणाले. "मुरमाच्या रेघंवरून निथळूलालंय."

"मग त्याला थांब म्हणा."